मराठी भयसाहित्यातील रान

मराठी भयसाहित्यातील रान हा मराठी भयकथा, गूढकथा, भयकादंबऱ्या आणि त्यांच्याशी नाते सांगणारे चित्रपट यांच्या अभ्यासातील एक विषय आहे. रान, देवराई, माळ आणि गावाबाहेरचे शिवार या स्थळांना या साहित्यात मिळालेल्या स्थानाचा विचार त्यात केला जातो. मराठी कथांतील रान म्हणजे गावाचे नियम संपतात आणि माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा व कानांवरचा भरवसा डळमळू लागतो ती जागा. त्यामुळे रानातली भीती बाहेरची आहे की आतली, हा प्रश्न लोककथांपासून आजच्या मानसशास्त्रीय वळणाच्या कादंबऱ्यांपर्यंत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे.

या परंपरेची एक जुनी कडी आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान या नगरीशी जोडलेली आहे. आधुनिक काळात नारायण धारप, रत्नाकर मतकरी, चिं. त्र्यं. खानोलकर आणि हृषीकेश गुप्ते यांच्या लेखनात ती वेगवेगळ्या रूपांत दिसते.

## संज्ञा

मराठीत ‘अरण्य’, ‘जंगल’ आणि ‘रान’ हे तीन शब्द जवळच्या अर्थाने वापरले जात असले, तरी त्यांच्या छटा निराळ्या आहेत. ‘अरण्य’ हा संस्कृत शब्द पुराणकथा, वनवास आणि तपश्चर्या यांची आठवण करून देतो. ‘जंगल’ हा शब्द वनखाते, शिकार आणि वन्यप्राणी यांच्या संदर्भात अधिक आढळतो. ‘रान’ हा शब्द मात्र दुहेरी अर्थाचा आहे. त्याचा एक अर्थ झाडीने भरलेला निर्मनुष्य प्रदेश असा आहे, तर मराठवाडा व देश या भागांत ‘रानात गेला आहे’ म्हणजे शेतावर गेला आहे असाच अर्थ घेतला जातो.

या दुहेरी अर्थामुळे मराठी भयकथेतील रान वस्तीपासून फार दूर नसते. छत्रपती संभाजीनगर–जालना मार्गावरील करमाडसारख्या गावाच्या परिसरात दाट अरण्य नाही. कापूस, मका यांची शेते आणि एका बाजूला शेंद्रा औद्योगिक क्षेत्र असा हा मोकळा मुलूख आहे. तरीही वेशीबाहेरची एखादी पडकी विहीर, चिंचेचे झाड किंवा बांधावरचा म्हसोबा ओलांडला की ‘रान’ सुरू होते, अशी जाणीव अशा गावांच्या बोलण्यात असते. कोकणातील दाट राई, विदर्भातील सागाचे वन आणि मराठवाड्यातील उघडे शिवार ही रूपे निराळी असली, तरी वेशीबाहेरची जागा हे त्यांतील समान सूत्र आहे.

साहित्यप्रकार म्हणून ‘भयकथा’ आणि ‘गूढकथा’ या संज्ञाही सरसकट एकाच अर्थाने वापरल्या जात नाहीत. भयकथेत भीती उत्पन्न करणे हा मुख्य हेतू असतो. गूढकथेत एखाद्या घटनेचा पूर्ण उलगडा न होणे आणि त्यातून माणसाच्या मनाचा अनोळखी भाग समोर येणे महत्त्वाचे असते. मतकरी यांनी आपल्या कथांसाठी ‘गूढकथा’ हीच संज्ञा रूढ केली.

## प्राचीन पूर्वपीठिका

### नाट्यशास्त्र आणि भयानक रस

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त सांगितलेल्या आठ रसांपैकी भयानक हा एक रस असून भय हा त्याचा स्थायीभाव आहे. या रसाचा वर्ण काळा व देवता काल मानली जाते. हा रस उत्पन्न करणाऱ्या कारणांमध्ये विचित्र आवाज, कोल्हे व घुबडे यांच्यामुळे होणारा त्रास आणि ओसाड घरात किंवा अरण्यात जाणे यांचा समावेश आहे. ओसाड घर आणि अरण्य ही भयाची दोन स्थळे अशा रीतीने भारतीय काव्यविचारात फार पूर्वीच नोंदली गेली. पुढे मराठी भयसाहित्यातही पडका वाडा व रान हीच दोन स्थळे सर्वाधिक आढळतात.

### बृहत्कथा

‘कथासरित्सागरा’त आलेल्या आख्यायिकेनुसार गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारातील पंडित होता. राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकवण्यावरून शर्ववर्म्याशी लागलेली पैज तो हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा त्याने त्याग केला. मग तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाचयोनीत पडलेल्या काणभूतीकडून त्याने पैशाची भाषेत एक महाकथा ऐकली. रानात शाई मिळत नसल्याने त्याने ती स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांत लिहून काढली.

पिशाचांच्या भाषेत रक्ताने लिहिलेला हा ग्रंथ राजाने नाकारला. तेव्हा गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकायला सुरुवात केली. अरण्यातील प्राणी चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. ते रोडावल्याने राजाच्या मुदपाकखान्यात सत्त्वहीन मांस येऊ लागले व राजा आजारी पडला. कारण शोधता शोधता तो गुणाढ्यापर्यंत पोहोचला, तेव्हा सहा लक्ष श्लोक जळून गेले होते आणि एक लक्ष उरले होते. हा उरलेला भाग म्हणजेच बृहत्कथा, असे ही आख्यायिका सांगते.

मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकातील सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ आणि क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’ यांतून तिचे रूप कळते. राजदरबाराने नाकारलेली, रानात जन्मलेली आणि रानानेच ऐकून घेतलेली कथा अशी ही कल्पना आहे. भयकथेला प्रतिष्ठित साहित्यात दीर्घकाळ जागा मिळाली नाही, ही आधुनिक काळातील तक्रार लक्षात घेता ही आख्यायिका अर्थपूर्ण ठरते.

### वेताळकथा

‘कथासरित्सागरा’त समाविष्ट असलेल्या वेतालपंचविंशतीचा नायकही गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा राजा त्रिविक्रमसेन आहे. लोकप्रिय मराठी व हिंदी रूपांत त्याच्या जागी उज्जैनचा विक्रमराजा आला. क्षांतिशील नावाच्या भिक्षूच्या सांगण्यावरून राजा स्मशानातील झाडावर लटकलेले प्रेत आणायला जातो. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत कथा सांगून शेवटी प्रश्न विचारतो. राजाने उत्तर देताच तो परत झाडावर जातो.

एकाच रात्री एकाच वाटेने पुन्हा पुन्हा त्याच झाडापाशी येणे ही या कथाचक्राची रचना आहे. मराठी लोकसमजुतीतील चकव्याशी तिचे साम्य सहज जाणवते. शिवाय वेताळाच्या कोड्यांना तलवारीने उत्तर देता येत नाही; राजाची परीक्षा त्याच्या विवेकाची असते. मराठी गद्याच्या आरंभकाळात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली.

## लोकपरंपरा

### वेस आणि राखणदार

महाराष्ट्राच्या लोकसमजुतींत अतिमानवी शक्तींचे ठिकाण ठरलेले असते. मुंजा पिंपळावर, साती आसरा पाणवठ्यावर, म्हसोबा शेताच्या बांधावर आणि वेताळ गावकुसाबाहेर असतो. कोकणात व गोव्यात वेताळ अनेक गावांचा रक्षक देव म्हणून पूजला जातो. देवचार किंवा राखणदार हा हद्दीची राखण करतो, अशी श्रद्धा तेथे आहे. पालघर परिसरातील वारली समाज लाकडावर किंवा दगडावर कोरलेल्या वाघदेवाची पूजा करतो. या शक्तींची भीती वाटते आणि त्यांच्याकडून संरक्षणही अपेक्षित असते. म्हणूनच पाश्चात्त्य कथांतील सैतानाप्रमाणे त्यांना निखळ दुष्ट मानता येत नाही.

कोकणातील अशा समजुतींची मोठी लेखी नोंद ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्यामुळे झाली. त्यांच्या प्रश्नावलीला गावोगावच्या शाळामास्तरांनी उत्तरे पाठवली होती. नाशिकचे जिल्हाधिकारी असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांचा वध केला. त्यानंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ही टिपणे संपादित केली आणि कोकणविषयक खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

### चकवा

चकवा ही रानाशी निगडित अशी सर्वांत व्यापक लोकसमजूत आहे. रात्री रानातून जाणाऱ्या वाटसरूला ओळखीची वाट सापडेनाशी होते. तो रात्रभर चालत राहतो आणि उजाडल्यावर निघाल्या जागीच किंवा त्याच ठिकाणाभोवती फिरत असल्याचे त्याला दिसते. अशा वेळी चालणे थांबवून एका जागी बसावे, विस्तव पेटवावा आणि उजाडण्याची वाट पाहावी, असे जुनी माणसे सांगत.

चकव्याला बहुधा रूप नसते. तो दिसत नाही, बोलत नाही आणि अंगावरही येत नाही. वाटसरूची स्वतःच्या दिशाज्ञानावरची खात्री तेवढी तो काढून घेतो. त्यामुळे लोककथेतील भुतांमध्ये हा प्रकार मानसशास्त्रीय भयकथेला सर्वांत जवळचा आहे.

या अनुभवाला शास्त्रीय आधारही सापडतो. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेतील यान सोउमन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही व्यक्तींना जर्मनीतील एका सपाट जंगलात आणि ट्युनिशियातील सहारा वाळवंटात सरळ चालत राहण्यास सांगितले होते. सूर्य किंवा चंद्र दिसत असताना त्यांना साधारण सरळ जाता आले. आकाश झाकलेले असताना मात्र जंगलात चालणारे नकळत वर्तुळात फिरले व आपण स्वतःचीच वाट ओलांडली हे त्यांच्या लक्षात आले नाही. डोळे बांधलेले असताना काहींनी अवघ्या २० मीटर व्यासाची वर्तुळे घेतली. दूरची ठळक खूण दिसत नसेल, तर दिशेच्या अंदाजातील लहान चुका साचत जातात, असे त्यावरून दिसते.

### देवराई

देवाच्या नावाने राखलेल्या वनाला देवराई, देवरहाटी किंवा नुसते राई म्हणतात. तेथील झाड तोडू नये, वाळकी काडीही घरी नेऊ नये, असा नियम अनेक ठिकाणी पाळला जाई. नियम मोडणाऱ्याच्या घरावर आपत्ती कोसळल्याच्या कथा त्या त्या गावात सांगितल्या जातात. त्यांची रचना भयकथेचीच असते: आधी इशारा, मग इशाऱ्याचा अव्हेर, त्यानंतर घरात शिरलेले आणि कारण न कळणारे संकट.

माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला आणि आजूबाजूची जंगले तुटली तरी देवराईत जुनी वृक्षसंपदा टिकून राहिल्याकडे लक्ष वेधले. देवाच्या धाकाने झाडे वाचली, हा या कथांचा प्रत्यक्ष परिणाम होता. धाक ओसरला आणि रस्ते व लाकडाची मागणी वाढली, तसतशा अनेक राया विरळ झाल्या.

## एकोणिसावे शतक

सुरुवातीच्या मराठी कादंबरीत अद्भुतरम्यतेला मोठे स्थान होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या त्या प्रकारातील प्रसिद्ध कादंबऱ्या होत. अशा कादंबऱ्यांतील अरण्य हे संकटांचे व योगायोगांचे ठिकाण असे. नायक-नायिकेची ताटातूट करण्यासाठी आणि त्यांना पुन्हा भेटवण्यासाठी लेखक त्याचा उपयोग करत. शेवटी सारे सुरळीत होणार हे वाचकाला ठाऊक असल्याने ती भीती क्षणिक राही.

हरि नारायण आपटे यांच्यापासून सामाजिक वास्तवाचे चित्रण हे कादंबरीचे मुख्य काम मानले जाऊ लागले. अद्भुत व भयानक यांना त्यामुळे करमणुकीच्या वाङ्मयात ढकलले गेले. ही विभागणी पुढे जवळजवळ शतकभर टिकली.

## विसावे शतक

### नियतकालिकांचे योगदान

मराठी भयकथा प्रामुख्याने मासिके आणि दिवाळी अंक यांच्या आश्रयाने वाढली. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले. त्यांच्याच ‘नवल’ या मासिकाने अद्भुत, गूढ व भयप्रद कथांना हक्काचे स्थान दिले. रहस्य व भय या प्रकारांसाठी ‘धनंजय’ हा दिवाळी अंकही ओळखला जातो. फिरत्या वाचनालयांमुळे ही पुस्तके तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली.

### नारायण धारप

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकादंबरी हा मराठीतील स्वतंत्र प्रकार म्हणून उभा केला. त्यांची पुस्तके शंभराहून अधिक आहेत. ‘चेटकीण’, ‘लुचाई’, ‘शपथ’, ‘ग्रहण’ या कादंबऱ्या, ‘अनोळखी दिशा’ हे कथासंग्रह आणि ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेभोवतीची मालिका विशेष वाचली गेली. विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या धारपांचे निवेदन शांत व तर्कशुद्ध असते. त्यांचे नायक बहुधा सुशिक्षित मध्यमवर्गीय असून समोर घडणाऱ्या गोष्टीचा साधा खुलासा शोधण्याचा ते शेवटपर्यंत प्रयत्न करतात. तो खुलासा अपुरा पडतो, त्या ठिकाणी भीती सुरू होते.

त्यांच्या अनेक कथांत अनिष्ट शक्ती एखाद्या विशिष्ट जागेला चिकटलेली असते व त्या जागेची हद्द ओलांडणारा तिच्या कक्षेत येतो. लोकपरंपरेतील वेशीची कल्पना येथे नव्या रूपात येते. समर्थांच्या कथांमध्ये शेवटी सुष्ट शक्तीचा विजय होतो. इतर काही कथांत मात्र हा दिलासा दिलेला नाही.

धारपांच्या काही प्रसिद्ध कृती इंग्रजी साहित्यावर बेतलेल्या आहेत. ‘लुचाई’वर स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीचा, ‘शपथ’वर ‘इट’चा आणि ‘आजी’ या कथेवर ‘ग्रॅमा’ या कथेचा प्रभाव आहे. या कृतींतील बोलणे, नातीगोती, घरांची रचना आणि धार्मिक संकेत मात्र मराठी आहेत. मूळ कल्पनेचे श्रेय आणि रूपांतराचे कौशल्य यांवरून वाचकांत मतभेद आढळतात.

### रत्नाकर मतकरी

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’, ‘निजधाम’ आदी संग्रहांतील कथांमध्ये भुतापेक्षा माणूस अधिक भयावह असतो. अपराधभाव, हेवा, एकटेपणा आणि दडपलेली इच्छा यांतून त्यांच्या कथांतील भय तयार होते. पात्राला जे दिसते ते खरेच घडते आहे की त्याच्या मनाने रचले आहे, हे ते मुद्दाम अनिश्चित ठेवतात.

त्यांच्या ‘आरण्यक’ या नाटकात अरण्य प्रत्यक्ष स्थळ म्हणून येते. भारतीय युद्धानंतर धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर वनात जातात, या महाभारतातील प्रसंगावर ते आधारलेले आहे. ही भयकथा नव्हे. तथापि राजवाडा मागे पडल्यावर केलेल्या आणि न केलेल्या कृत्यांशी एकट्याने सामना करण्याची जागा म्हणजे अरण्य, हा अर्थ त्यात स्पष्ट होतो. मतकरींच्या गूढकथांतील बंद खोल्या आणि ‘आरण्यका’तील वन ही या दृष्टीने एकाच जातीची स्थळे आहेत.

### खानोलकर, जी. ए. आणि इतर

चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांचा जन्म वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे झाला. ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) आणि ‘कोंडुरा’ (१९६६) या त्यांच्या कादंबऱ्यांतील कोकण देवस्की, शाप, कौल आणि वासना यांनी भारलेले आहे. ‘कोंडुरा’ हे वेंगुर्ल्याजवळचे समुद्रकाठचे ठिकाण आहे. या कादंबरीवर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये हिंदी व तेलुगू भाषांत चित्रपट केला. घर सोडून गेलेल्या एका ब्राह्मणाला गूढ पुरुषाकडून वर मिळतो आणि त्याच्याकडून ब्रह्मचर्याचे व्रत घेतले जाते. पुढे देवीचा दृष्टांत होतो. आपल्याला मिळालेली शक्ती खरी आहे, या खात्रीपोटी तो जे करतो त्यातून घोर अनर्थ ओढवतो. दृष्टांत खरा की भ्रम, याचे उत्तर ही कथा देत नाही. अशा कृतींना रूढ अर्थाने भयकादंबरी म्हटले जात नसले, तरी वातावरणातून मनाचा तोल ढळत जाण्याचे चित्रण त्यांत प्रभावी आहे.

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांतील उजाड प्रवास आणि निर्दय नियती यांचेही या परंपरेशी नाते आहे. कॉनराड रिक्टर यांच्या कादंबरीचा ‘रान’ हा त्यांनी केलेला अनुवाद, सूर्यप्रकाश अडवणाऱ्या अमेरिकी अरण्यात वस्ती करू पाहणाऱ्या कुटुंबाची कथा सांगतो. जयवंत दळवी यांच्या ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीत वाडा आणि वेड यांची सांगड आहे; तिच्याच आधारे त्यांनी ‘बॅरिस्टर’ हे नाटक लिहिले.

द. मा. मिरासदार यांची ‘भुताचा जन्म’ ही विनोदी कथा या विषयाची दुसरी बाजू दाखवते. गैरसमज आणि तिखटमीठ लावून सांगण्याची हौस यांतून गावात भूत कसे तयार होते, हे त्या कथेत पाहायला मिळते. भीतीची उत्पत्ती माणसाच्या मनात आणि बोलण्यात असते, हा गंभीर गूढकथेचाच निष्कर्ष येथे हसत हसत मांडला आहे.

## एकविसावे शतक

हृषीकेश गुप्ते यांच्या ‘अंधारवारी’, ‘दैत्यालय’, ‘घनगर्द’ आणि ‘हाकामारी’ या पुस्तकांनी भयकथेला नवा वाचक मिळवून दिला. रात्री नाव घेऊन हाक मारणाऱ्या आणि ओ देणाऱ्याला नेणाऱ्या हाकामारीची समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. अशा लोककल्पना त्यांच्या लेखनात आल्या असल्या, तरी गावातील नातेसंबंध, लैंगिकता आणि बालपणीच्या आठवणी यांनाही त्यांत तितकेच महत्त्व आहे. ‘दंशकाल’ ही त्यांची कादंबरी कौटुंबिक व मानसिक अंगाने अधिक वाचली गेली. भयकथा आणि मुख्य प्रवाहातील साहित्य यांमधील जुनी भिंत यामुळे काहीशी खाली आली.

## चित्रपट व दूरचित्रवाणी

देवराई (२००४) – सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची भूमिका केली आहे. गावाकडची देवराई त्याच्या मनात सतत घर करून असते. हा भयपट नाही. रानाचे आकर्षण, भास आणि आजार यांचे सहानुभूतीने केलेले चित्रण हे त्याचे वैशिष्ट्य आहे. भयकथेत ज्याला ‘झपाटलेला’ म्हटले जाते त्या माणसाकडे रुग्ण आणि आप्त म्हणून पाहण्याची दृष्टी या चित्रपटाने दिली.

लपाछपी (२०१७) – विशाल फुरिया दिग्दर्शित या चित्रपटात पूजा सावंत यांनी एका गरोदर स्त्रीची भूमिका केली. उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात ती येऊन राहते. ऊस वाढला की फडात दिशा कळत नाही. ज्या भागात अरण्य नाही, तेथे पिकालाच अरण्याचे रूप देण्याची ही युक्ती ‘रान’ या शब्दाच्या दोन्ही अर्थांना धरून आहे. मुलींची हत्या हे या कथेतील भयाचे मूळ आहे. ‘छोरी’ (२०२१) हे त्याचे हिंदी रूपांतर होय.

तुंबाड (२०१८) – राही अनिल बर्वे दिग्दर्शित या हिंदी चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतले आहे. ‘आजी’ या धारपांच्या कथेचा त्यातील एका भागावर प्रभाव आहे. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात असताना एका मित्राने धारपांची कथा सांगितली आणि आपण घाबरून गेलो, असे बर्वे यांनी सांगितले आहे. छापील कथा रात्रीच्या जंगलात तोंडी सांगितली गेल्यावर किती बदलते, याचे हे उदाहरण आहे. संततधार पाऊस, पडका वाडा आणि हाव यांवर उभा असलेला हा चित्रपट २०१८ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होता.

दूरचित्रवाणीवर मतकरींच्या गूढकथांवरील ‘गहिरे पाणी’, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथे चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६ पासून तीन पर्वे) आणि धारपांच्या कादंबरीवरील ‘ग्रहण’ (२०१८) या मालिका गाजल्या.

## वैशिष्ट्ये

रानाशी निगडित मराठी भयसाहित्यात पुढील बाबी वारंवार आढळतात :

* हद्द ओलांडणे – वेस, ओढा, दीपमाळ किंवा शेवटचे घर मागे पडते तेव्हा कथा सुरू होते. जाणत्या माणसाने दिलेला इशारा दुर्लक्षिला जातो.
* दिशाभ्रम – पात्र पुन्हा त्याच जागी येते. काळाचे भानही सुटते. थोडा वेळ गेला असे वाटत असताना रात्र सरलेली असते.
* आवाज – दिसण्यापेक्षा ऐकू येण्यावर भर असतो. नावाने आलेली हाक, रातकिड्यांचे एकाएकी थांबणे, घुंगरू किंवा पाण्याचा आवाज यांनी वातावरण तयार होते.
* शंकेखोर निवेदक – सुशिक्षित, शहरातून आलेला निवेदक गावकऱ्यांच्या समजुतींना हसतो आणि पुढे स्वतःच्याच अनुभवावर विश्वास ठेवावा की नाही, या पेचात पडतो.
* जुना अपराध – दडपलेला खून, लुबाडलेली जमीन किंवा बाईवर झालेला अन्याय यांची आठवण ती जागा जपून ठेवते.

जागतिक साहित्यात अल्जर्नन ब्लॅकवुड यांच्या ‘द विलोज’ (१९०७) आणि ‘द वेंडिगो’ (१९१०) या दीर्घकथा रानातील भयाचे नमुने मानल्या जातात. तेथील निसर्ग माणसाविषयी उदासीन असून त्याच्या पलीकडचा आहे. मराठी कथांतील रान सहसा इतके परके नसते. त्याचा कोणीतरी धनी असतो, त्याला मान द्यावा लागतो आणि गावाचे त्याच्याशी जुने देणेघेणे असते.

## चिकित्सा व वाद

भयसाहित्य अंधश्रद्धेला खतपाणी घालते, असा आक्षेप महाराष्ट्रात अनेकदा घेतला गेला आहे. त्यामागे प्रत्यक्ष सामाजिक अनुभव आहे. एखाद्या स्त्रीला चेटकीण किंवा डाकीण ठरवून मारहाण करणे, गावाबाहेर काढणे किंवा ठार मारणे असे प्रकार घडत आले आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर काही दिवसांतच राज्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये कायदा संमत झाला. एखादी व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हे कृत्य या कायद्याच्या अनुसूचीत आहे. या कायद्याखाली सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या पार्श्वभूमीवर हडळ व चेटकीण या प्रतिमांचा वापर टीकेचा विषय झाला आहे. अनेक जुन्या कथांत बाळंतपणात दगावलेली, छळ सोसलेली किंवा एकटी राहणारी स्त्री भीतीचे कारण ठरते. तिला तसे करणाऱ्यांवर मात्र कथेचा रोख नसतो. ‘लपाछपी’सारख्या कृतींनी हा रोख उलटवला.

याउलट, कथा म्हणून वाचलेले भय आणि खरे मानलेले भय यांत फरक करायला हवा, असे या प्रकाराचे समर्थक मांडतात. मतकरींच्या पद्धतीची गूढकथा वाचकाला भूत मानायला लावत नाही. भूत मानण्याची गरज मनाला का पडते, हे ती दाखवते.

पर्यावरणाच्या अंगाने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ज्या समजुतींनी माणसांचा बळी घेतला, त्याच जातीच्या समजुतींनी देवराया राखल्या. धाक गेल्यावर त्या जागी जाणतेपणाने केलेले संवर्धन आले नाही, तर राई उरत नाही. म्हणून रानाच्या भयकथा लोकवाङ्मय म्हणून नोंदवून ठेवण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकांप्रमाणेच वनस्पतिशास्त्र व पर्यावरण यांच्या अभ्यासकांनाही उपयोगी ठरते. कोणत्या झाडाला, कोणत्या पाणवठ्याला आणि का हात लावायचा नाही, याची गावाची आठवण बहुधा अशा कथांतच साठवलेली असते.

## हेही पहा

* नारायण धारप
* रत्नाकर मतकरी
* चिं. त्र्यं. खानोलकर
* बृहत्कथा
* वेताळ
* देवराई
* पैठण
* महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती